शेजारची खुर्ची

भाऊबीजेची ओवाळणी झाली, फराळावर जेवण आणि जेवणावर पुन्हा फराळ झाला, आणि घरातल्या तरुण मंडळींनी पत्त्यांऐवजी एक नवाच खेळ काढला. भाचीने फर्मान सोडलं, "मामा, समज तुझ्याकडे पिक्चरची दोन तिकिटं आहेत. एक तुझं. दुसऱ्यावर कुठल्याही फेमस माणसाला न्यायचं. जिवंत असो, नसो. कोणाला नेशील?"

बाकीच्यांची उत्तरं पटापट आली. दोन नट, एक नटी, एक फुटबॉलवाला. धाकट्या पुतण्याने तर दोन्ही तिकिटं ब्लॅकने विकीन म्हणून सांगितलं; हा मुलगा पुढे नाव काढणार आहे. माझी पाळी आली आणि मी अडकलो. "जरा विचार करून सांगतो" म्हटल्यावर भाची म्हणाली, "मामा, गेम आहे, होम लोन नाही."

तिला काय कल्पना! शेजारच्या खुर्चीने मला आयुष्यभर छळलंय.

कॉलेजात असताना एक मित्र होता, तो प्रत्येक पिक्चर माझ्या आधी एकदा बघून यायचा आणि मग माझ्याबरोबर पुन्हा बघायचा. केवळ "आता बघ, हा मरतो" एवढं सांगण्यासाठी. पुढे नोकरीला लागल्यावर आत्याला न्यायचा योग आला. आत्या पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक इसमाची चौकशी करायची. "हा कोण रे?" "ड्रायव्हर आहे, आत्या." "कोणाचा?" शेवटी डोअरकीपर बॅटरी मारत आला, तर त्याच्याकडे बघूनही "हा कोण?" आणि लग्न झाल्यापासून शेजारी बायको. तिची तक्रार करायची सोय नाही, कारण ती विसाव्या मिनिटाला झोपते. मध्यंतराला उठते, समोसा खाते, पुन्हा झोपते. घरी आल्यावर फोनवरून बहिणीला मात्र सगळी गोष्ट सांगते, आणि ती बरोबर असते. हे कसं, ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही.

तेव्हा माझ्यासारख्याला कल्पनेत का होईना, निवडीचा अधिकार मिळाल्यावर तो तीन सेकंदांत उधळायचा? त्या रात्री मी चकलीचा डबा घेऊन गॅलरीत बसलो.

पहिलं नाव सुचलं सुनील गावसकरांचं. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडने साठ षटकांत ३३४ केलेले, आणि आपले सुनीलभाऊ सलामीला जाऊन साठ षटकं संपली तेव्हा नाबाद ३६. चेंडू १७४, चौकार एक. असा माणूस शेजारी असला की पिक्चर कितीही रटाळ असो, खुर्ची सोडायचा नाही. माझ्या मनाने जवळपास होकार दिला होता. पण मग लक्षात आलं, ते उठले नाहीत तर मला कसं उठता येईल? पावणेतीन तासांचा कौटुंबिक जिव्हाळा, आणि आम्ही दोघं दिवे लागेपर्यंत नाबाद. माझी तेवढी तयारी नाही.

मग आचार्य अत्रे. स्वतः पिक्चर काढलेला माणूस, 'श्यामची आई'ला पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेला. गप्पांना तोटा नाही. पण अत्रे थिएटरात गप्प बसतील? "गेल्या दहा हजार वर्षांत असला भिकार पिक्चर झाला नाही!" हे ते मध्यंतरात म्हणणार, तेही दबक्या आवाजात नव्हे, शिवाजी पार्कच्या आवाजात. लोक पडद्याकडे पाठ करून आमच्या रांगेकडे तोंड करणार. मध्यंतर संपलं तरी सभा संपणार नाही. दुसऱ्या दिवशी 'मराठा'त अग्रलेख येणार, आणि त्यात "काल माझ्या शेजारी बसलेला एक गृहस्थ भलत्याच जागी हसत होता" असं एक वाक्य असलं तर? नको.

लताबाईंचा विचार मी अर्ध्या मिनिटात सोडला. मला पिक्चरमधल्या गाण्याबरोबर गुणगुणायची खोड आहे. विषय संपला.

निळू फुल्यांपाशी जरा रेंगाळलो. पडद्यावर बेरका, आणि प्रत्यक्षात सेवादलाच्या मुशीतला साधा माणूस. नट होण्याआधी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. असल्या माणसाशेजारी पाय पसरून बसता येईल, असं वाटलं. पण आमची आत्या अजून आहे. वय अठ्ठ्याऐंशी. मी निळूभाऊंबरोबर पिक्चरला गेलो असं स्वप्नात जरी तिच्या कानावर गेलं तरी ती मला इस्टेटीतून काढेल. इस्टेट म्हणजे पितळी पातेली, पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

बारा वाजून गेले. चकल्या संपल्या, आणि रिकाम्या डब्याकडे बघताना एकदम गांधीजी सुचले. हसू नका. माणसाचा पिक्चरचा अनुभव मोजकाच, म्हणजे 'आता हा मरतो' हे त्याला ठाऊक असण्याची भीती नाही. १९३१ साली लंडनमध्ये चार्ली चॅप्लिन भेटायला आला, तेव्हा त्याचा एकही पिक्चर गांधीजींनी पाहिलेला नव्हता. पुढे १९४४ साली जुहूला मुक्काम असताना त्यांनी 'रामराज्य' पाहिला; त्यांनी पाहिलेला तो एकुलता एक हिंदी पिक्चर म्हणतात. त्यातली गोष्ट त्यांना पहिल्यापासून पाठ असणार, तो भाग वेगळा. पण खरी मौज पुढे आहे. सोमवार हा त्यांचा मौनाचा वार. आणि आमच्या मल्टिप्लेक्सात सोमवारी तिकिटं स्वस्त! न बोलणारा सोबती आणि तोही सवलतीच्या दरात, हा योग माझ्या पत्रिकेत आजवर आला नव्हता. मी बायकोला उठवून सांगणार होतो.

तेवढ्यात कमरेचं घड्याळ आठवलं. तिकिटावर वेळ सहाची. सहाला आम्ही हजर. सहापासून पुढे सोनं गहाण ठेवा, गुटखा खाऊ नका, बिल्डरचा फ्लॅट घ्या, पुन्हा सोनं गहाण ठेवा. सहा-पंचवीस झाले तरी पिक्चरचा पत्ता नाही. शेजारी मौन. पण ते मौन आणि ते घड्याळ या दोहोंच्या मध्ये बसायचं कोणी? इंग्रजांना जमलं नाही.

रात्री एकच्या सुमाराला मी सरळ मुळाशी गेलो. दादासाहेब फाळके. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लावणारा माणूस, त्याच्याहून मोठा मान कोणाचा? शिवाय चिकाटी. भांडवल मिळवायला त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याला मोड येऊन रोप कसं वाढतं त्याचं चित्रण करून दाखवलं होतं. त्याच्यापुढे आजचा कुठलाही महोत्सवी पिक्चर म्हणजे मारामारीपट. कंटाळण्याचा प्रश्नच नाही.

पण फाळके पिक्चर बघतील का? त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचं चित्र पाहिलं, तेव्हा पडद्यावर ख्रिस्त आणि यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. म्हणजे मी काय चाललंय म्हणून विचारलं की ते भलताच पिक्चर सांगणार. त्यात तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून त्यांनी हॉटेलात स्वयंपाक करणारे साळुंके उचलले होते. तेव्हा मध्यंतरात पॉपकॉर्न देणाऱ्या पोराकडे त्यांची नजर जाणार, त्याचा चेहरा डावीकडून, उजवीकडून बघणार, मिशी काढायला सांगणार. आणि मी चारशे रुपयांचा कॉम्बो घेऊन ताटकळत उभा.

फाळक्यांवरून सरस्वतीबाईंवर कधी आलो, माझं मलाच कळलं नाही. आलो आणि थांबलो.

फाळक्यांच्या पत्नी. नवऱ्याला सिनेमाचा नाद लागल्यावर विम्याची पॉलिसी गेली, दागिने गेले, आणि दादरच्या घरात सिनेमा आला. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक बाई करायच्या. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायच्या. आणि रात्री पोरंबाळं निजली की अंधारात बसून कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडायच्या, कारण तेव्हा फिल्म बिनभोकाची यायची. मला सांगा, 'हा कोण, तो कोण' विचारायला या बाईंना उसंत कधी होती? त्यांना निवांत एक खुर्ची मिळाली पाहिजे, पाठ मागे रेलणारी, असं मला रात्री दीड वाजता फार मनापासून वाटलं.

अडचणी दिसत होत्याच. दारातला गार्ड पिशवी तपासणार. पिशवीत डबा, डब्यात दशम्या. "बाहेरचं अलाउड नाही, मावशी." सत्तर माणसांना घातलेल्या हाताचा तो डबा टेबलाखाली जाणार. त्या काही बोलणार नाहीत. आत बसल्यावर मात्र पडद्याकडे न बघता मान वळवून मागच्या झरोक्याकडे बघतील आणि हळूच विचारतील, "रीळ कुठाय?" मी म्हणेन, "आता रीळ नसतं, बाई. डब्यात भरलेला असतो पिक्चर." त्या जरा वेळ गप्प बसतील. "मग भोकं कोण पाडतं?"

सकाळी उठल्या उठल्या भाचीला फोन लावला. ती झोपेत होती.

"ठरलं," मी म्हटलं. "सरस्वतीबाई."

"कोण?"

"सरस्वतीबाई फाळके."

"म्हणजे ते अवॉर्डवाले फाळके?"

"त्यांच्या मिसेस."

पलीकडून जांभई आली. "मामा, नियम काय होता? फेमस माणूस पाहिजे. तू बाद."