लंगरात सगळं मिळतं, मग पार्सल कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नाना, नमस्कार.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या (यूएन) शांतता मिशनवर परदेशी गेलेल्या आपल्या भागातल्या जवानांना पार्सल पाठवण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही धुळे तालुक्यातले निवृत्त हवालदार, म्हणजे या विषयावर बोलायचा तुमचा हक्क माझ्यापेक्षा मोठा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, पोटभर मिळतं, कॅन्टीन असतं, यूएन मिशनवर तर चैनच असते, डबे पाठवणं ही घरच्यांची हौस, अर्धा माल वाटेतच खराब होतो, त्यापेक्षा तो पैसा गावच्या वीरपत्नीला द्यावा. आणि शेवटी, जवानांचे पत्ते इथे का देत नाही, हा प्रश्न. खाली काहींनी ‘अगदी बरोबर’ म्हटलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

फराळाबद्दल आपलं भांडणच नाही. जळगावचे केळीचे वेफर्स कितीही कौतुकाचे असले तरी पार्सलच्या प्रवासात त्यांचा भुगा होतो, आणि तेल खवट होतं ते वेगळंच. तुपातले लाडू, तेलावरचं लोणचं, घट्ट झाकणाचा म्हणून घेतलेला प्लास्टिकचा डबा, यांतलं काही मी सुचवत नाही. लोणच्याचा डबा फुटला की सोबतच्या बनियनपासून मुलीच्या पत्रापर्यंत सगळं तेलकट होतं. बरं, आठवण आली म्हणून सांगते. कुणी सुट्टीवरून परत जाताना घरचे हमखास काळा मसाला आणि अनारसे बांधून देतात. त्यात खसखस असेल आणि विमान आखाती देशात बदलणार असेल, तर तो डबा घरीच ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. सिंगापूरमध्येही तिला बंदी आहे. आपल्याला ती निव्वळ अनारशावरची खसखस वाटते, पण तिथे त्या पोराच्या नोकरीवर बेतेल. मसाला द्यायचाच तर खसखस न घालता कुटून द्या.

चैनीचा मुद्दा मात्र मला पटला नाही, नाना. मिशन काही एका ठिकाणी नसतं. दक्षिण सुदानमधल्या मलकालला आपली बटालियन कित्येक वर्षं आहे. पांढऱ्या नाईलकाठचा तो मुलूख, आणि माती आपल्या तापीकाठासारखीच काळी, चिकट. पावसाळा लागला की रस्ते बंद, गाड्या रुतलेल्या, बूट दिवसदिवस ओले. त्याच देशात जोंगलेई भागात एप्रिल २०१३ मध्ये ताफ्यावर हल्ला झाला, त्यात आपले पाच जवान गेले. यूएनच्या निळ्या टोपीत आजवर पावणेदोनशेहून जास्त भारतीयांनी जीव दिलाय. तिकडे लेबनॉनमध्ये १९९८ पासून आपली बटालियन आहे, ती हर्मोन पर्वताच्या बाजूला. हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. एकाला चिखल, दुसऱ्याला बर्फ. म्हणूनच ‘जवानांसाठी पार्सल’ अशी एकच यादी करून वीस खोकी भरण्याला माझा विरोध आहे. तसली खोकी फोटोत छान दिसतात, पण त्यातलं निम्मं सामान कुणाच्याच कामी येत नाही.

माझा सगळा आग्रह एवढाच आहे की पार्सल एका माणसाच्या नावानं जावं, आणि त्यात त्यानं मागितलेलं असावं. अमळनेरजवळच्या एका आईचं सांगते. तिचा घोर एकच: ‘मना आंडोर तठे काय खात व्हई?’ (माझा मुलगा तिथे काय खात असेल?) शेवटी फोनवर त्यालाच विचारलं. तो म्हणाला, ‘खावाले काही नको धाडू माय, मोजा धाड.’ मोजे! आणि ते सुती, जाड, पोटरीपर्यंत येणारे. पाय सतत ओले राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. मोज्यांबरोबर त्यानं पायाला लावायची पावडर, सुती बनियन आणि कॅरमचा एक चांगला स्ट्रायकर मागितला. बराकीत कॅरम होता, स्ट्रायकरचा टवका उडालेला. हे कुठल्या सरकारी यादीत बसणार, सांगा? लंगर पोट भरतो, भरलंच पाहिजे. पण स्ट्रायकर धाडायचं सुचतं ते घरच्याच माणसाला.

ही काही नवीन गोष्ट नाही. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावानं आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या. गोऱ्या सैनिकांच्या डबीत तंबाखू-सिगारेटी. फ्रान्समध्ये लढणाऱ्या आपल्या हिंदी शिपायांसाठी मात्र सिगारेटींबरोबर खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी. शीख तंबाखूला शिवत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी सिगारेटी वगळल्या. राज्य परक्याचं होतं आणि त्याचा राग माझ्याही मनात आहे, पण ‘कुणाला काय चालेल’ हा विचार त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केला. आपण तर घरची माणसं.

मोबाइलच्या काळात पत्र कशाला, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. व्हिडिओ कॉल होतोच, पण नेट असेल तेव्हा आणि ड्यूटी नसेल तेव्हा. दुसरीतल्या पोरीनं वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं पान तो खिशात ठेवतो, रात्री काढून बघतो. आणि माझ्या अनुभवात पार्सलमधली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे घरची कामं मार्गी लागल्याची खबर. बापाच्या कापसाचे पैसे जमा झाले, ई-केवायसी झालं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. एका वहिनींनी नव्या विहिरीला लागलेल्या पाण्याचा फोटो छापून घेतला आणि मागे पाण्याची खोली लिहून धाडला. असल्या कागदाला वजन नाही, कस्टमचा प्रश्न नाही. पण त्यासाठी गावातल्या कुणीतरी त्या बाईबरोबर बँकेत, तहसीलला जाऊन उभं राहायला हवं. आमच्याबरोबर पार्सलं बांधायला बसणाऱ्या बायका तेही करतात, आणि पार्सलइतकंच ते मला महत्त्वाचं वाटतं.

वीरपत्नींचं म्हणाल तर अगदी जरूर द्या. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून त्यासाठीच पाळला जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात निधी देता येतो, पावती मिळते. पण एका घराला द्यायचं म्हणून दुसऱ्याच्या पोराचे मोजे थांबवायचे, हा हिशोब मला जमत नाही. दोन्ही मिळूनही एखाद्या लग्नातल्या डीजेच्या बिलाएवढा खर्च होत नाही.

राहिला पत्त्याचा प्रश्न. पत्ता मी इथे कधीच देणार नाही. नंबर, रँक, नाव, युनिट आणि पुढे ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय), यात गावाचं किंवा देशाचं नाव नसतं ते कशासाठी, हे तुम्ही नोकरीत पाहिलंय. कोण कुठल्या युनिटबरोबर कुठे आहे हे ब्लॉगवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकण्याची गोष्टच नाही. जवान आपल्या घरी जो पत्ता कळवतो तोच, जसाच्या तसा, घरच्यांनीच लिहायचा. पैसेही आमच्याकडे येत नाहीत. सामान घरचे विकत घेतात, आम्ही फक्त यादी करायला आणि बांधायला बसतो.

बांधण्याबद्दल मागच्या लेखात लिहायचं राहिलेलं इथेच लिहिते. खोकं लहान आणि गच्च भरलेलं हवं. मोकळ्या जागेत मोजे कोंबायचे, म्हणजे आतलं हलत नाही. खाऊ द्यायचाच असेल तर शेंगदाण्याची कोरडी चटणी किंवा भाजलेले दाणे, दुहेरी पिशवीत सील करून. पावडर दुकानातल्या सीलबंद डब्यातच, लेबलासकट. पुडीत बांधलेलं पांढरं काही नको, मग ते घरचं चूर्ण का असेना. स्प्रेचा डिओ, अत्तर, लायटर, काडेपेटी, सुटी पॉवर बँक यांतलं काहीही टपालात टाकू नका, विमानात ते चालत नाही. औषध जवानानं स्वतः मागितल्याशिवाय पाठवू नका, तिथे डॉक्टर असतात. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवा, बाहेरचा कागद पावसात निघाला तरी पार्सल अडकत नाही. आणि दिवाळीचं पार्सल गणपतीतच रवाना करा.

नाना, या यादीत कुठे चुकीचं दिसलं तर लिहा. तुम्ही स्वतः नोकरीत घरून आलेली पार्सलं उघडलेली आहेत, त्यातलं काय खरंच कामी आलं आणि काय तसंच पडून राहिलं, हे तुमच्याइतकं नेमकं आमच्यापैकी कुणी सांगू शकणार नाही. सवड काढून सांगितलंत तर दिवाळीची बांधाबांध सुरू व्हायच्या आत मी ते लेखात घालीन.