तिसरी घंटा साडेअकराला

तुमच्या गावच्या हौशी नाट्यमंडळाने यंदा मे महिन्यात तीन रात्रींचा नाट्यमहोत्सव भरवायचा घाट घातलाय म्हणे. उत्तम. फक्त एक पथ्य पाळा. पहिल्याच बैठकीत 'नाटक कुठलं करायचं?' असं कुणी विचारलं, तर त्याला खाली बसवा. असली माणसं प्रत्येक वाडीत एखाद-दुसरी निघतात आणि रंगात आलेल्या सभेचा विचका करतात. आधी कार्यकारिणी होऊ दे. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, हिशेब तपासनीस, सल्लागार आणि मार्गदर्शक. पदं नेहमी नाटकातल्या पात्रांपेक्षा जास्त असावीत. नाटकात काम न मिळालेला माणूस दोन दिवस रुसतो आणि तिसऱ्या दिवशी तालमीला येऊन चहा पितो. पद न मिळालेला माणूस वेगळं मंडळ काढतो.

त्यातही गाव मंडळ आणि मुंबई मंडळ अशा दोन समित्या हव्यातच. पैसे मुंबईचे, जागा आणि अंगमेहनत गावची, आणि महोत्सव आपलाच असं दोघांचंही म्हणणं. कुणाचं नाव बॅनरवर वर घालायचं यावर भांडण होईल. त्यावर सोपा तोडगा म्हणजे बॅनर दोन छापा, एक एसटी स्टँडवर लावा आणि दुसरा देवळाकडे. बॅनरवर देणगीदारांचे फोटो मोठे, कार्यकारिणीचे मध्यम आणि नटांचे तिकिटाएवढे. नाटकाचं नाव मंडपवाल्याच्या मोबाइल नंबरच्या वर थोडी जागा उरते, तिथं बसतं.

आता तारखा. मे महिना कशासाठी, तर चाकरमानी येतात म्हणून. ते खरंच आहे, पण येतात म्हणजे कसे येतात हे कुणी बघत नाही. कोकण रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत भरतं. तेव्हा खलनायकाची भूमिका मुंबईच्या माणसाला द्यायची असेल, तर त्याच्याकडून आधी पाठांतर घेऊ नका, तिकीट कन्फर्म झाल्याचा पुरावा घ्या. हायवेने येतो म्हणाला, तर त्याचा प्रवेश तिसऱ्या अंकात ठेवलेला बरा. दोन अंकी नाटक असेल तर तिसरा अंक लिहून घ्या.

आणि गावातले नट? त्यांच्यासाठी तर मे महिन्याइतका सोयीचा महिना नाही. नायकाची आंब्याची कलमं असतात. खळ्यात पेट्या भरल्या जात असतात, गाडी रात्री सुटायची असते, आणि हा तालमीत नायिकेचा हात हातात घेऊन फोनवर विचारतो, 'वाशीक आज काय दर गावलो रे?' सहनायकाकडे दोन लग्नं, विनोदी नटाच्या घराची कौलं परतायची आहेत, आणि नायकाच्या आईचं काम करणाऱ्या बाईंची आमसुलं उन्हात. ढग दिसला की आई एक्झिट घेते. दिग्दर्शकाने यावर चिडू नये. चिडायला त्याला वेळ तरी कुठं आहे, लाकडं त्याचीही भरायची आहेत.

महोत्सव मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा. 'पाऊस मिरगाशिवाय येत नाय' असं एक ज्येष्ठ सभासद सांगतील, त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाका. २०२० साली 'निसर्ग' वादळ ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, २०२१ मध्ये 'तौक्ते' मे महिन्याच्या मध्यावरच आपल्या दारावरून गेलं, आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचलासुद्धा. पण या सगळ्या अपवादाच्या गोष्टी. अपवादासाठी कुणी ताडपत्री विकत घेत नाही. शिवाय पाऊस आलाच तर भाषण करणाऱ्यांनाही आवरतं घ्यावं लागतं, हा त्याचा फायदा कुणी लक्षात घेत नाही.

एवढं झाल्यावर नाटक निवडायला हरकत नाही. प्रत्येक पदाधिकारी एक नाटक सुचवील, त्याने ते वाचलेलं नसेल. लेखकाची परवानगी आणि मानधन हा विषय निघेल, तेव्हा 'आपण काय धंदा करतो काय?' हे वाक्य तयार ठेवा. मंडपवाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, जनरेटरवाल्याला तर आगाऊ पैसे. फुकट फक्त तो, ज्याने नाटक लिहिलं. तो कलेचा सेवक असतो ना. कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, असा मुद्दा एखादा वकील सभासद काढील. त्याला मामा वरेरकरांचं नाव सांगायचा मोह होईल. वरेरकर १८८३ साली आपल्या चिपळुणात जन्मले आणि १९६४ साली गेले, म्हणजे २०२५ उजाडल्यापासून त्यांची नाटकं सगळ्यांना मोकळी झाली. कोकणातला नाटककार, मानधन शून्य, आणखी काय हवं? पण नको. वरेरकरांचं आपण काय ते करून चुकलोय. मालवणच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं आहे. एकदा इमारतीला नाव दिलं की त्या माणसाची नाटकं वाचायची जबाबदारी संपते. देवल-गडकरीही केव्हाचे मोकळे आहेत, पण तिथं गाता यावं लागतं किंवा पाठ करावं लागतं, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटतो.

शेवटी 'काळजाचा ठाव घेणारं कौटुंबिक सामाजिक नाटक' ठरेल. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र जपून ठेवा, कारण गावात त्या संहितेवर अक्षर न् अक्षर निष्ठा ठेवणारा तेवढा एकच कागद असेल. नट तिच्याशी नंतर जे करतात, ते बघायला कुठलंही मंडळ येत नाही.

स्त्री पात्रांबद्दल मात्र बारकाईने सांगायला हवं. तुमच्या गावातल्या दोन-तीन मुली कॉलेजात एकांकिका करतात. कणकवलीच्या नाथ पै एकांकिका स्पर्धेपर्यंत जाऊन आल्या असतील, राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर काम केलं असेल. त्यांना विचारू नका. 'गावात बरा दिसत नाय.' म्हणजे मुलीने स्पर्धेत काम केलं की वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'गावाचं नाव उज्ज्वल', आणि गावात काम केलं की गावाचं नाव काय होतं ते कुणी नीट सांगत नाही. त्यामुळे नायिका शहरातून नाइटवर, म्हणजे एका रात्रीच्या मानधनावर, आणा. ती प्रयोगाच्या दुपारी येते, दोन तासांत संहिता चाळते, आणि रात्री पूर्ण नाटक तिलाच काय ते येत असतं. महिनाभर तालीम केलेला नायक तिच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. प्रेक्षकांना ते प्रेम वाटतं. गावच्या मुलींना वाऱ्यावर सोडू नका, दीपप्रज्वलनाच्या वेळी तबक धरायला त्या लागतात. स्पर्धा जिंकून आलेल्या मुलांना पडदा ओढायला ठेवा. पडदा जड असतो आणि त्यांना हल्ली थोडी शिंगं फुटली आहेत.

प्रॉम्प्टर मात्र दणकट आवाजाचा निवडा. पहिल्या चार रांगांना एकाच बैठकीत नाटक दोनदा ऐकायला मिळतं, आधी विंगेतून आणि मग रंगमंचावरून. पुष्कळदा विंगेतला प्रयोग सरस होतो.

आमंत्रण पत्रिकेवर वेळ 'रात्रौ ठीक ८ वाजता' अशीच छापा. आठ वाजता लाइट तपासणी सुरू होते. नऊच्या सुमारास प्रमुख पाहुण्यांची गाडी शेजारच्या गावातल्या सत्यनारायणाला थांबल्याचं कळतं. मग नटराजपूजन आणि दीपप्रज्वलन. समुद्रावरून वारा सुटलेला असतो आणि समईला पाच वाती. पाच मान्यवर, पाच वाती, प्रत्येकाची एकेक वात आणि प्रत्येकाचा वेगळा फोटो. पाचवी पेटेस्तोवर पहिली विझते, आणि पहिली ज्यांनी लावली ते परत पुढे येतात. इथं घाई करू नका. एवढा ताण पुढं नाटकात कुठंही येणार नाही.

मग सत्कार. मे महिन्यातल्या खाऱ्या, चिकट हवेत माणसाच्या अंगावर लोकरीची शाल घालायची, आणि ज्याच्या बागेत दोनशे माड आहेत त्याच्या हातात एक नारळ द्यायचा. तोही तो दोन्ही हातांनी, मान झुकवून, आयुष्यात पहिल्यांदाच नारळ बघत असल्यासारखा घेतो. शाल-श्रीफळ कुणाला चुकलं, ही बातमी नाटकापेक्षा जास्त दिवस टिकते, म्हणून यादी वाढवत न्या. आजी, माजी आणि भावी सरपंच तिघेही घ्या. भावी तिघे असतील तर पाच.

यात दहा वाजतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणा-उत्सवांसाठी वर्षातले फार तर १५ दिवस सरकार ही मुदत १२ वाजेपर्यंत वाढवू शकतं, आणि ते दिवस बहुतेक करून गणपती-नवरात्रात खर्ची पडतात. तेव्हा आवाज 'जरा बारीक' ठेवायचं ठरतं. बारीक आवाज नटांच्या माइकचा करावा, निवेदकाचा नव्हे. वरच्या दोऱ्यांना टांगलेले माइक तसेही नटांचं बोलणं कमी आणि पंख्याची घरघर जास्त पकडतात.

साडेअकराला तिसरी घंटा. आता नाटक सुरू झालं, असं समजून गाफील राहू नका, कारण महोत्सवाचा आत्मा इथून पुढे आहे. तो म्हणजे बक्षिसांची घोषणा. देणगी नाटक संपल्यावर जाहीर केली तर ऐकायला असतं कोण? ती प्रयोग चालू असतानाच, विंगेतून, आणि प्रसंग जितका हळवा तितकी मोठ्याने जाहीर झाली पाहिजे. समजा, बाप मरणशय्येवर आहे. मुलगा शहरातून धावत आलाय. बाप खोल आवाजात म्हणतो, 'बाळा, तुझ्यापासून एक गोष्ट मी आयुष्यभर लपवली...' आणि कर्ण्यातून येतं, 'वरच्या वाडीतील एका दानशूर कुटुंबाकडून, आजोबांच्या स्मरणार्थ, वडिलांच्या भूमिकेसाठी रोख रुपये पाचशे एक! मंडळ त्यांचं शतशः ऋणी आहे.' बापाने इथं मान वर करून प्रेक्षकांत बघावं. तो त्याचा मेव्हणा असतो. मग 'आयुष्यभर लपवली'पासून पुन्हा सुरुवात. तेवढ्यात खालच्या वाडीला वाटतं की आपण मागे पडलो, आणि मुलासाठी हजार एक येतात. बाप मरायला अशी चाळीस मिनिटं लागतात. मेल्यावर आलेल्या बक्षिसालाही त्याने उठून नमस्कार केला पाहिजे. मरण काय नाटकातलं आहे, राहायचं गावातच आहे. ती लपवलेली गोष्ट कोणती, हे मात्र कुणाला कळत नाही. प्रॉम्प्टरचं पान या गडबडीत उलटलेलं असतं.

सिंधुदुर्गात असाल तर अजून एक खबरदारी. महोत्सवाच्या तारखांना पंचक्रोशीत कुठं दशावतार नाही ना, हे आधी बघून घ्या. दशावतारी मंडळी म्हणजे अगदीच बेशिस्त लोक. लिहिलेली संहिता नाही. आज कुठलं आख्यान लावायचं ते संध्याकाळी ठरतं, कोण राजा नि कोण राक्षस हेही तेव्हाच, आणि संवाद उभ्या-उभ्या तयार होतात. नेपथ्य म्हणजे एक बाकडं, तेच सिंहासन, तोच पर्वत. एक पेटी, एक मृदंग, एक झांज. राणी मिशी काढलेला पुरुष असतो आणि लुगड्यात असा चालतो की बायका बघत राहतात. कार्तिकातल्या जत्रांपासून पावसाच्या तोंडापर्यंत या गावातून त्या गावात हेच. स्वागताध्यक्ष नाही, सल्लागार नाही, मार्गदर्शक नाही, आणि तरी माणसं पहाटेपर्यंत कांबळं पांघरून बसतात. असला नमुना शेजारी ठेवून कुणाचाही महोत्सव यशस्वी होणार नाही. फार तर समारोपाला एका ज्येष्ठ दशावतारी कलावंताला बोलवा, शाल घाला, आणि वेळेअभावी दोन शब्द बोलू देऊ नका.

खुर्च्यांबद्दल राहिलं. पहिल्या तीन रांगा मान्यवरांसाठी राखीव. सत्कार आटोपला की त्या रिकाम्या होतात, पण तिथं कुणाला बसू देऊ नका, चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. मागं वाळूत चटया घालून बसलेल्या बायका आणि पोरं रात्री दोनपर्यंत हलत नाहीत. त्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात, त्यामुळे त्यांच्याकडे लक्ष देण्याचं कारण नाही.

तिसऱ्या रात्री पारितोषिकं. सर्वोत्कृष्ट अभिनेता एक, उत्तेजनार्थ बाकी सगळे. परीक्षक बाहेरगावचा आणा, पण त्याला परतीची गाडी निकालाआधीची काढून द्या.

हिशेबाची सभा गणपतीत ठेवा, तोवर राग निवतात आणि पावत्याही हरवतात. नटांना दिलेल्या संहितेच्या झेरॉक्स मात्र दुसऱ्याच दिवशी परत मागून घ्या. त्या कोऱ्या करकरीत असतात आणि पाठीमागची बाजू पूर्ण मोकळी असते. पुढच्या वर्षीच्या देणगीदारांची कच्ची यादी त्यावर आरामात बसते.