कासचा हिशेब राणीच्या बागेत

दर सप्टेंबरात मुंबईची माणसं गाड्या भरभरून कासला येतात. समर्थ मंदिराच्या पुढं रांग लागते, यवतेश्वरच्या घाटात क्लच जळल्याचा वास सुटतो आणि आपल्याच गावात दुधाची पिशवी आणायला आपल्याला अर्धा तास लागतो. वर पोचल्यावर ही मंडळी तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यात मांडी घालून बसतात, सीतेची आसवं नावाच्या फुलांवर पालथी पडून फोटो काढतात. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाबरोबर जे पठार जागतिक वारशाच्या यादीत घातलं, त्याच्याकडं एकवार बघतात आणि विचारतात, "इथं फुलांशिवाय काय आहे?" मग कणीस खाऊन परत जातात.

आपण सातारकर हे सगळं मुकाट बघत आलोय. पण त्यांच्याकडंही एक बाग आहे की! भायखळ्याला, दीडशे वर्षांहून जुनी. तिथं जाऊन आपल्याला व्याजासकट परतफेड करता येते. मी मागच्या मे महिन्यात घरची नऊ माणसं घेऊन ती करून आलोय, तेव्हा अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पटल्या तर घ्या.

आधी वार ठरवा. बुधवार उत्तम. बुधवारी राणीची बाग बंद असते हे मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून आपल्याला कुणी सांगत नाही. आणि विचारायचं म्हणजे कमीपणा, म्हणून आपण विचारत नाही. आम्ही मंगळवारी रात्रीची एसटी धरली, पहाटे उतरलो, लालबागला काकांच्या खोलीवर पोचलो. काका गिरणीत होते. ८२च्या संपानंतर त्या चाळीतली अर्धी बिऱ्हाडं गावाकडं परतली, काका चिकटून राहिले, त्यामुळं आमच्या भावकीला मुंबईत अजून पाठ टेकायला जागा आहे. दोन बादल्यांत नऊ अंघोळी उरकून आम्ही साडेदहाला गेटवर हजर. गेट बंद. दाजींनी बंद गेटसमोर छाती काढून फोटो घेतला आणि गावाकडच्या ग्रुपवर टाकला, 'राणीची बाग बघितली.' पाच मिनिटांत सोळा अंगठे आले. खरं तर काम तिथंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, ती आमची हौस.

कंडक्टरला किंवा टॅक्सीवाल्याला ठणकावून 'राणीची बाग' म्हणा. त्या बागेचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली. आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. साताऱ्याचा माणूस, भोसल्यांच्या गादीचा, पोवई नाक्यावर महाराजांच्या पुतळ्याला हात जोडल्याशिवाय पुढं न जाणारा. त्यानं तरी जिजाऊंचं नाव घ्यावं, असं कुणाला वाटेल. पण आपली वाटणी पक्की आहे. गाडीच्या काचेवर जिजाऊ, गाडीत बसून पत्ता सांगताना राणी व्हिक्टोरिया. आमच्या पुतण्यानं "राणी कुठाय?" म्हणून तीनदा विचारलं. "जेवायला गेलीय," असं दाजींनी सांगितलं. तुम्हीही हेच सांगा, वेळ वाचतो.

इतिहासाच्या भानगडीत पडू नका असं मी सांगणार होतो, पण एक गोष्ट मलाच राहवत नाही. ही बाग मुळात झाडांसाठीच झाली. एका कृषी-बागायत संस्थेची शिवडीला बाग होती, ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीला गेली, म्हणून भायखळ्याला नवी बाग मांडली आणि १९ नोव्हेंबर १८६२ला लेडी फ्रियरनं ती उघडली. बाईंचे यजमान सर बार्टल फ्रियर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर. हेच साहेब त्याआधी कुठं होते? साताऱ्यात! इथं रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी होते. १८४८ला आप्पासाहेब महाराज वारले, इंग्रजांनी गादी खालसा केली आणि साताऱ्याचा कारभार कमिशनर म्हणून फ्रियरसाहेबांकडं आला. खालसा करू नये असं त्यांनी वर लिहून कळवलं होतं म्हणतात, पण हुकूम आल्यावर कारभार हाकलाच. म्हणजे आपला त्या बागेशी हिशेब कासच्याही आधीचा निघतो. एवढं गेटवर उभं राहून घरच्यांना सांगायला गेलो, तर सगळे तिकिटाच्या खिडकीकडं निघून गेलेले.

तिकिटाचं तंत्र नीट समजून घ्या. २०१७पर्यंत मोठ्या माणसाला पाच रुपये होते, त्याचे पन्नास झाले. मात्र आईबाप आणि दोन पोरं असं चौघांचं कुटुंब असेल तर शंभरात भागतं. आता आमची नऊ माणसं, त्यातली पोरं चार. दाजींनी खिडकीसमोरच भावकीची फेरवाटणी सुरू केली. काकूंना मामांच्या कुटुंबात टाकलं. त्यावरून काकू जी रुसल्या, त्या माकडांच्या पिंजऱ्यापर्यंत बोलल्या नाहीत. मागं रांगेत चाळीस माणसं तिष्ठत होती. त्यांच्याकडं लक्ष देऊ नका. यवतेश्वरच्या घाटात ती आपल्याकडं देतात का?

आत शिरलात की मान वर करू नका. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. ही बाग पन्नास एकरांहून मोठी, झाडं तीन हजारांवर, त्यातली कितीतरी आपल्या मुलखात ऐकलेलीसुद्धा नाहीत. वर बघायला लागलात तर दिवस जाईल आणि पेंग्विन राहतील. तेव्हा नजर सरळ, पाय झपझप, आणि रस्त्यात भेटेल त्याला एकच प्रश्न, "पेंग्विन कुणीकडं?"

ते आठ जण २०१६ साली कोरियातल्या सोलहून विमानानं आले. एक त्याच वर्षी दगावला, बाकीचे मार्च २०१७पासून लोकांना दिसू लागले. पुढं त्यांचा प्रपंचही वाढला. यांना हम्बोल्ट पेंग्विन म्हणतात. हे मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, दक्षिण अमेरिकेतले. तिथं बर्फ नसतो, खडक आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे थर असतात, त्यात हे बिळं करून राहतात. पण हे तुम्हाला माहीत नाही असं धरून चाला आणि काचेसमोर पोचताच मोठ्यानं तक्रार करा, "बर्फ कुठाय? बर्फच नाही तर पन्नास रुपये कशाचे?" आमच्या मामांनी ही तक्रार अशा काही तळमळीनं केली, की शेजारच्या डोंबिवलीच्या कुटुंबालाही आपण फसवले गेलोय असं वाटायला लागलं.

काचेपुढं तुम्हाला फार तर दोन-तीन मिनिटं मिळतात, मागची गर्दी ढकलत असते. त्या वेळात पेंग्विन बघत बसू नका, व्हिडिओ काढा. आत सोळा-अठरा अंशांचा गारवा राखलेला असतो. मे महिन्यातल्या मुंबईत दुपारी बारा वाजता तो गारवा अंगावर आला की माणूस पेंग्विनचा खरा चाहता होतो. महाबळेश्वर ज्यांच्या जिल्ह्यात आहे, ती माणसं दोनशे-अडीचशे किलोमीटर येऊन एसी खातायत, हा विचार त्या वेळी मनात येऊ देऊ नका.

आता एक कळकळीची सूचना. आजीला बरोबर नेऊ नका.

आम्ही नेली. वय ऐंशीच्या पुढं, जन्म गेला रानात, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळं तिला नको ते सगळं दिसतं. गेटपासून तिनं मान वर केली ती केलीच. दर दहा पावलांवर थांबायची. "आरं, ह्ये कशाचं झाड?" कुणाला सांगता येईना. पाटी असली तरी वरचं नाव लॅटिन, दाजी ते इंग्रजी समजून वाचायचे आणि काहीतरी आजाराचं नाव उच्चारल्यासारखं व्हायचं. एका बुंध्यापाशी तिनं तळवा टेकवून धरला. गोरखचिंच होती, मूळची आफ्रिकेकडची. बुंधा असा फुगलेला, राखी, सुरकुतलेला, की पोरं दिवसभर हत्ती कुठाय म्हणून रडत होती त्यांना तिथंच उभं केलं असतं तर चाललं असतं. आजी म्हणाली, "ह्याच्यात पाणी साठत आसंल." कुणी सांगितलं नव्हतं तिला. ते झाड खरंच खोडात पाणी साठवतं.

पुढं कैलासपतीपाशी तर तिनं गाडीच अडवली. त्या झाडाला फांदीच्या टोकाला फुलं येत नाहीत, बुंध्यातूनच दोऱ्यांसारख्या डहाळ्या फुटतात आणि त्यांना मोठी, मांसल, लालसर फुलं लागतात. शेजारीच तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळं लटकलेली असतात. एक फूल खाली पडलं होतं. आजीनं ते उचलून ओंजळीत धरलं. मधोमध पिंडीसारखा उंचवटा, त्यावर फणा धरल्यासारखा वळलेला केसरांचा झुबका, आणि वास असा, की देवळातली बंद खोली उघडली म्हणावं. तिनं पायातल्या चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, फूल कपाळाला लावलं. नऊ माणसांची वरात खोळंबली. काकू पुटपुटल्या, "आता वाघ झोपायला गेला तर?"

मी मोबाइलवर बघितलं. कैलासपती मूळचा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे पेंग्विनच्याच गावाकडचा म्हणायचा. एक पाहुणा एसीत, त्याला बघायला रांग. दुसरा बाहेर उन्हात उभा, त्याच्या सावलीत बसून माणसं विचारतायत की पेंग्विन कुणीकडं. हे मी दाजींना सांगितलं. "मग त्याला काय करायचं?" दाजी म्हणाले. बरोबर आहे. काय करायचं?

शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडं फिरकू नका, तिथं वेगळं तिकीट पडतं. ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं. जुनं नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. ज्या डॉक्टरांनी ते उभं राहावं म्हणून खटपट केली, त्यांचं नाव १९७५ साली लागलं. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्या हत्तीवरून त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायला काढला, उचलताना तो पडून फुटला, आणि तुकडे जोडून परत उभा करायला १९१४ उजाडलं. काळा घोडा चौकात आपण ज्या घोड्याचं नाव घेतो, तो राजा एडवर्डचा मूळ घोडाही १९६५पासून याच बागेत आहे. चौकाला नाव राहिलं, घोडा भायखळ्याला. गिरणी बंद पडून स्टॉपचं नाव राहावं तसं. पोरांनी हत्तीसाठी दिवसभर भोकाड पसरलं होतं, पण दगडाचा हत्ती दाखवून आपण काय त्यांची समजूत काढणार? त्यांना आईस्क्रीम द्या. आईस्क्रीमचा कागद कुठं टाकायचा हा प्रश्न पडला तर कास आठवा.

परतीला आम्ही रात्रीची एसटी पकडली. आजीनं ते फूल रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं होतं. पडलेलं होतं, तोडलं नव्हतं, हे तिनं मला दोनदा बजावून सांगितलं. खंबाटकी घाट चढेपर्यंत ते काळं पडलं, पण वास गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दारात आळीतल्या बायका जमल्या. काय काय बघितलं? पोरं ओरडली, "पेंग्विन!" मामा म्हणाले, "पेंग्विन बघितलं, पण बर्फ न्हवता." मग कुणीतरी आजीला विचारलं. आजीनं रुमाल सोडला, काळं पडलेलं फूल तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "एक झाड बघितलं. त्येच्या बुंध्यालाच फुलं लागत्यात."

सगळ्या हसल्या. "आजी, एवढं मुंबईला जाऊन झाड बघून आलाव व्हय?"

दाजींनी घाईघाईनं मोबाइल पुढं केला. व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. त्यात काचेवर दाजींचं स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं, मोबाइल धरलेलं, घामाघूम. त्यापुढं एका परक्या माणसाचं डोकं. आणि शेवटी शेवटी कोपऱ्यात काहीतरी काळं-पांढरं पाण्यात शिरल्यासारखं वाटत होतं. तो बायकांनी तीनदा बघितला.