गजानन असाल तर एवढं करा

तुमचं नाव गजानन असेल आणि गाव शेगावच्या टापूतलं असेल, तर अनुदानाच्या यादीत शिरण्याआधी धंदा बदलून घ्या.

आमच्या गावात नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं सारखं असलेले चार गजानन आहेत. एक रिटायर माष्टर, एक एसटीचा कंडक्टर, एक जिनिंगमध्ये काट्यावर बसणारा, आणि चौथा मी, कापूस-तूरवाला. गावात कधी घोळ झाला नाही. "माष्टर का कंडक्टर?" एवढं विचारून शेंबडं पोरगंही पाहुण्याला बरोबर घरी पोचवतं. अतिवृष्टीचं अनुदान मात्र माष्टरच्या खात्यात गेलं. सडला माझा कापूस, भिजली त्यांची पेन्शन!

माष्टर भला माणूस. "काढून देऊ का गा?" म्हणाले. तर साहेब म्हणतात, परस्पर द्याल तर वसुली लागेल.

धंदा बदलणं जमत नसेल तर लोकसभेला उभे राहा. हसू नका. 1961च्या निवडणूक नियमांत सोय आहे: दोन उमेदवारांची नावं सारखी असली, तर व्यवसाय किंवा राहण्याचं ठिकाण जोडून ते वेगळे दाखवायचे. 2015 पासून मतदान यंत्रावर फोटोही आला. म्हणजे मत मागताना हा गजानन शेतकरी आणि तो माष्टर, हे दिल्लीलाही कळतं. (तरी हमी धरू नका. 2014ला रायगडात दुसऱ्या सुनील तटकऱ्यांनी 9,849 मतं नेली आणि पुढारी तटकरे 2,110 मतांनी पडले. दुसरेही तटकरे खरेच होते, ही पंचाईत.)

कोर्टात जाऊ नका. मे 2024मध्ये सारख्या नावांच्या उमेदवारांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती गवई. आईबापांनी सारखं नाव ठेवलं म्हणून कोणाला लढण्यापासून अडवायचं का, असा सवाल आला आणि विषय संपला. चूक काय त्यात?

सरकारी कागदावर नावापुढे आईचं नाव लावा. फक्त हा नियम 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांना आहे, तेव्हा त्यासाठी नव्याने जन्म घ्या.

दुरुस्तीचा अर्ज हसतमुखाने द्या. तलाठी सेतूवर पाठवतील, सेतूवाला सर्व्हर दाखवेल, तहसीलमध्ये साहेब मीटिंगला असतील. पोच मागू नका, वाईट दिसतं. आणि गट नंबर काऊन नाही पाहिला, हे तर चुकूनही विचारू नका.

काऊन नाही पाहिला पण? सातबारा घेतला, आधार घेतलं, पासबुक घेतलं, फार्मर आयडी काढायला लावला, अंगठा घेतला. एवढे आकडे हाताशी असताना नाव वाचून कोणाचाही आधार नंबर चिकटवता? माष्टरच्या नावावर एक गुंठा वावर नाही! पंचनाम्याला माझ्या धुऱ्यावर आले होते तुम्ही. मला चिखलात उभं करून फोटो काढला. त्या फोटोत माष्टर दिसते का तुम्हाले? कृषी केंद्रवाला बियाण्याच्या उधारीवर व्याज लावून राहिला, ते भरायले तुमच्यातला कोणता साहेब येणार आहे?