१३ दिवसांपलीकडचे तात्या

गेल्या आठवड्यात माझ्या वडिलांचा, तात्यांचा दहावा झाला. नदीकाठी श्रद्धांजलीची सात-आठ भाषणे झाली आणि जवळजवळ प्रत्येक वक्त्याने १९७१ चे युद्ध, जंगी पलटण आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले (आजच्या बांगलादेशातले) जमालपूर एवढ्यावरच त्यांचे आयुष्य आटोपते घेतले. बोलणाऱ्यांच्या भावना खऱ्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही; परंतु ज्या माणसाने घरात युद्धाच्या त्या १३ दिवसांचा विषय स्वतःहून क्वचितच काढला, त्याची ओळख तेवढीच उरावी हे मला पटले नाही, म्हणून लिहीत आहे.

तात्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजेच जंगी पलटणीत, शिपाई होते. १७६८ साली उभी राहिलेली ही रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली ती ब्रह्मपुत्र ओलांडून जमालपूरच्या पिछाडीला, दक्षिणेकडच्या वाटेवर जाऊन बसली. ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी बलुच पलटणीच्या प्रमुखाला शरण येण्याविषयी पत्र धाडले, तेव्हा उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली आणि पुढच्या वेळी लेखणीऐवजी हाती स्टेनगन घेऊन भेटा, असा निरोपही आला. १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून निसटू पाहणारे शत्रूचे सैन्य नेमके मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळले आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. या पत्राची हकीकत तात्या रंगवून सांगत, कारण तिच्यात ते स्वतः कुठेच नव्हते. त्या रात्री तुम्ही काय केलेत, असे विचारले की “थंडी फार होती,” एवढेच म्हणत आणि उठून गोठ्यात जात.

माझ्या लेखी खरे तात्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. ९९ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावरून आलेली त्यांची पत्रे तिने तिथे जपली आहेत. सगळी पत्रे आजोबांना लिहिलेली, ‘तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार’ने सुरू होणारी, वडिलांना लिहिताना बायकोची चौकशी करण्याची रीत नव्हती, आणि आईला तेव्हा वाचताही येत नव्हते. त्यामुळे ‘घरची मंडळी’ या दोन शब्दांत ती बसे. मात्र चुलीच्या धुराने तिचे डोळे सुजत, हे तात्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत पाहिले होते, आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक पत्रात म्हैस, विहीर, धाकट्या काकांची फी यांच्या ओळीत एक प्रश्न असे: स्वयंपाकघराला धुराडे केले का?

१९७२ च्या दुष्काळात गावातली निम्मी माणसे खडी फोडायला जात होती. आईही जात असे. तात्यांची मनीऑर्डर वेळेवर आली नसती तर काकांची शाळा सुटली असती, हे काका आजही सांगतात. दहाव्याच्या भाषणांत तेवढे सांगायला मात्र त्यांना कुणी उभे केले नाही.

पेन्शनीवर आल्यावर त्यांनी साताऱ्याला एका बँकेत रखवालदारी केली. त्या नोकरीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते शेवटच्या नऊ वर्षांविषयी. आईला अर्धांगवायू झाला आणि तिची वेणी घालण्याचे काम तात्यांनी आम्हा मुलींकडे कधीच सोपवले नाही. वेणी घट्ट, अगदी पलटणीच्या शिस्तीची होई. आई कुरकुरे, ते पुन्हा सोडून घालत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाताना ते कागदांची पिशवी सोबत नेत, कारण पेन्शनच्या कागदांत आईचे नाव चुकीचे पडले होते. ते दुरुस्त होईपर्यंत तीन वर्षे ते हेलपाटे घालत राहिले. आपल्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कुणाच्या दारात बसावे लागू नये, एवढाच त्यांचा हट्ट होता. दुरुस्तीचे पत्र आले त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. पदकांसाठी त्यांनी पेढे वाटल्याचे आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.

दहाव्याच्या रात्री मी ट्रंक उघडली. युद्धानंतरचे पहिले पत्र डिसेंबरच्या अखेरचे आहे. त्यात लढाईला एक ओळ दिली आहे: ‘लढाई संपली, मी खुशाल आहे.’ खाली, समासात जागा उरली नाही म्हणून आडवे लिहिले आहे: ‘धुराड्याचे काय झाले ते कळवावे. नसल्यास मी सुट्टीवर आल्यावर स्वतः बांधीन.’

ते त्यांनी बांधलेच. गॅस येऊन तीस वर्षे झाली, तरी आईने ते पाडू दिलेले नाही.