चार चमचे रेझिन, सहा चमचे हार्डनर

सप्रेम नमस्कार.

ओट्याच्या ग्रॅनाइटची फट बुजवण्यासाठी इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या डिंकात) पांढरी रांगोळी मिसळण्याचा माझ्या लेखातला सल्ला आपण पाळलात, पण पाच दिवसांनीही सांधा नखाने दबतो आहे आणि ‘चांगल्या डिंकात माती कालवायला शिकवू नका’ असे आपण कळवले आहे. आपला राग रास्त आहे. दोष मात्र रांगोळीचा नाही.

आपण लिहिता की चार चमचे रेझिनमध्ये रांगोळी घातल्यावर सहा चमचे लगदा झाला, म्हणून एकास एक या प्रमाणाने हार्डनरही सहा चमचे घेतला. चूक इथे झाली, आणि तिच्यात माझाही वाटा आहे, कारण मिसळण्याचा क्रम मी लेखात दिलाच नव्हता. हार्डनरची क्रिया रेझिनशी होते. रांगोळी ही दगडाची पूड, ती त्या हिशेबात येतच नाही. त्यामुळे दोन चमचे हार्डनर जास्तीचा उरला आणि त्यानेच सांधा मऊ ठेवला. रेझिन व हार्डनर आधी मापून, भांड्याच्या कडा खरवडत एकजीव करावेत आणि मगच पूड थोडी थोडी घालावी.

आता ‘माती’विषयी. दोन पृष्ठभाग घट्ट बसत असतील तर फिलर, म्हणजे रांगोळीसारखी भरीची पूड, नकोच, इतके आपले म्हणणे मान्य. पण तीन मिलिमीटरच्या उभ्या फटीतून नुसते इपॉक्सी ओघळून जाते. शिवाय उष्णतेने ते ग्रॅनाइटच्या कित्येक पट प्रसरण पावते आणि खनिज पूड ही तफावत कमी करते. गळक्या पाइपावर आपण मळून लावतो ते एम-सील तरी फिलर घातलेले इपॉक्सीच की! ओघळ थांबवायला फ्यूम्ड सिलिका ही अतिशय बारीक, हलकी पूड अधिक सरस, वजनाच्या काही टक्क्यांतच मिश्रण लोण्यासारखे उभे राहते. मात्र ती फार उडते, म्हणून मास्क हवाच.

मिश्रणाची चकाकी जाईल इतकी पूड घालू नये, कारण मग दगड भिजवायला रेझिन उरत नाही. मी फटीच्या दोन्ही कडांना आधी बिनपुडीचे मिश्रण ब्रशने लावतो. पावसाळ्यात रांगोळी तव्यावर कोरडी करून पूर्ण गार होऊ द्यावी. एकदा घाईने मी ती गरमच घातली आणि भांडे हातात असतानाच मिश्रणाचा गोटा झाला.

आपला सांधा आणखी वाट पाहून कडक होणार नाही. तो खरवडून काढावा, फट ॲसिटोनने पुसून वाळवावी आणि नव्याने भरावी. लेखात क्रमाची दुरुस्ती आजच केली आहे.