हिल हाउस: ‘पांढऱ्या ठोकळ्या’च्या दंतकथेला उत्तर

स्कॉटलंडमधील हेलन्सबरा या गावच्या ‘हिल हाउस’ नावाच्या बंगल्याचे छायाचित्र आणि त्याखालचा चार ओळींचा मजकूर गेली काही वर्षे वारंवार पुढे पाठवला जातो. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुविशारदाने स्कॉटिश परंपरा झुगारून जगातले पहिले आधुनिक पांढरे घर बांधले. मालकाने मोकळे रान दिल्यामुळे चमच्यापर्यंत सारे त्याने एकट्यानेच घडवले. बाग म्हणजे घर बांधून उरलेली जागा. आणि दिसण्याच्या नादात पावसाचा विचारच न केल्यामुळे हे घर आता साखरेसारखे विरघळते आहे, असा त्याचा आशय. यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. पहिले तीन तपासायला घेतले की टिकत नाहीत.

परंपरा झुगारल्याचे म्हणणे सर्वांत कच्चे आहे. ज्या स्कॉटिश गढ्यांची शैली मॅकिंटॉशने टाकून दिली असे सांगतात, त्याच शैलीवर त्याने १८९१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ग्लासगोत व्याख्यान दिले होते. १९०२ ते १९०४ या काळात उभ्या राहिलेल्या हिल हाउसकडे पाहिले तर स्लेटची, म्हणजे पाटीच्या दगडाच्या पातळ फरश्यांची, उतरती छपरे, धुराड्यांचे जाडजूड स्तंभ, आतल्या खोलीला हव्या तेथे आणि हव्या त्या मापाच्या खिडक्या, आणि दोन भिंतींच्या कोनात उभा असलेला, शंकूच्या आकाराची टोपी घातलेला गोल बुरूज, हे सारे त्या गढ्यांकडूनच आलेले दिसते. भिंतीवर खडीमिश्रित गिलावा फेकून मारण्याची रीतही तिथलीच आणि जुनी आहे. गिलाव्याचा रंग राखाडी. छायाचित्रातल्या उन्हाने तो पांढरा केला आहे. सपाट गच्चीचा पांढरा ठोकळा पाहायचा असेल, तर वेगळे घर शोधावे लागेल.

मोकळ्या रानाबद्दल बोलायचे तर मालक वॉल्टर ब्लॅकी हे ग्लासगोचे प्रकाशक होते. (या घराण्याच्या पुस्तकांच्या नामपृष्ठावर लंडन आणि ग्लासगो यांच्या जोडीला मुंबईचेही नाव छापलेले असे.) त्यांच्या प्रकाशनसंस्थेचा कलाविभाग सांभाळणारे टॅल्विन मॉरिस यांनी मॅकिंटॉशचे नाव सुचवले, तरी ब्लॅकींनी डोळे झाकून काम सोपवले नाही. मॅकिंटॉशने आधी बांधलेले विंडीहिल हे घर त्यांनी पाहिले आणि मग आपल्या अटी सांगितल्या: विटा, उघड्या लाकडी तुळया आणि लाल कौले नकोत; भिंतींना राखाडी खरबरीत गिलावा आणि वर स्लेट हवी; शोभा नक्षीतून येऊ नये, घराच्या लहानमोठ्या भागांच्या मांडणीतून यावी. म्हणजे ज्या गोष्टींसाठी मॅकिंटॉशला ‘क्रांतिकारक’ म्हणतात, त्यांतल्या काही मालकाच्या मागणीतच होत्या. मॅकिंटॉशने कुटुंबाची राहणी न्याहाळली, आधी आतली रचना मालकाकडून संमत करून घेतली आणि मगच बाहेरचे रूप आखले. व्यवसायासाठी येणाऱ्यांचा घरात राबता होऊ नये म्हणून ग्रंथालय प्रवेशद्वाराजवळच ठेवले. जेवणघरात तर कुटुंबाचे आधीचेच फर्निचर राहिले, त्यामुळे चमच्यापर्यंतची गोष्ट तेथेच संपते. ‘एकट्याने’ हा शब्दही खोडायला हवा, कारण दिवाणखान्यातल्या शेकोटीवरचे उठावाचे चित्र आणि घरातले भरतकाम मार्गारेट मॅकडोनाल्ड या त्याच्या पत्नीचे आहे.

बागेचे उत्तर नकाशातच सापडते. घराचे दार पश्चिमेच्या अरुंद बाजूला आहे, त्यामुळे क्लाइड नदीच्या खाडीकडे उतरत जाणारी दक्षिणेची सगळी लांबी बागेसाठी मोकळी राहिली. बागेच्या भिंती, फाटक आणि उतारावरचे टप्पे हे मॅकिंटॉशच्या आराखड्याचाच भाग होते. दिवाणखान्यात खिडकीचा कोनाडा उन्हाळ्यासाठी आणि शेकोटीचा कोपरा हिवाळ्यासाठी आहे; त्या कोनाड्यातल्या बाकावर बसले की समोर बाग आणि मागच्या भिंतीवर साच्याने रंगवलेली जाळी व गुलाब असतात. उरलेल्या जागेची कोणी अशी बडदास्त ठेवत नाही.

आता विरघळण्याबद्दल. घर ओले झाले आहे, गिलाव्याला तडे गेले आहेत आणि त्यात मॅकिंटॉशचा वाटा आहे, हे मान्यच करायला हवे. पण पावसाचा विचारच केला नाही, हे निदान चुकीचे आहे. गढ्यांवरचा जुना गिलावा चुन्याचा असे. तो पाणी थोडे शोषतो आणि उघडीप मिळताच बाहेर सोडतो. मॅकिंटॉशने त्याऐवजी पोर्टलंड सिमेंट वापरले, आणि त्या काळी ते जास्त मजबूत, जास्त टिकाऊ मानले जात होते, म्हणजे ही निवड पावसाकडे पाहूनच झालेली असणार. सिमेंटचा थर मात्र ताठ असतो. त्याला केसासारखी चीर पडली की पाणी आत शिरते आणि परत निघायला वाट राहत नाही. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यावर काही पावसाळ्यांत पोपडे कसे सुटतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मॅकिंटॉशची खरी चूक दुसरीकडे आहे. भिंतींच्या आणि धुराड्यांच्या माथ्यावर पुढे आलेली दगडी फरशी बसवली, की पाणी भिंतीपासून दूर ठिबकते. त्याने ती टाळली आणि गिलावा तसाच माथ्यावरून पलीकडे वळवला. आकार अखंड दिसला खरा, पण पागोळ्या थेट भिंतीवरून ओघळू लागल्या. त्याची परंपरेशी फारकत झालीच असेल तर ती या दोन जागी, आणि त्या नेमक्या मजकुरात नाहीत.

१९८२ पासून हे घर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. २०१९ साली ट्रस्टने त्याभोवती पोलादाची एक प्रचंड पेटी उभी केली. तिचे छप्पर बंद आहे आणि बाजूंना सुमारे ३ कोटी २० लाख कड्यांची चिलखतासारखी जाळी आहे, म्हणजे पाऊस बराचसा अडतो, वारा खेळता राहतो आणि भिंती सावकाश सुकतात. पेटीच्या आतून, छपराच्याही वरून, लोकांना फिरण्यासाठी पूल आहेत. त्यांवरून धुराडी जवळून दिसतात, आणि त्यांच्या माथ्यावरून गिलावा कसा वळवला आहे तेही.